फुलं: लावायची, टिपायची, ओवायची

अंगणवेल

मंडळी, बागकामावर इथे बरंच लिहिलं जातं, फोटोंचे झब्बूही (एकाने टाकला की दुसऱ्याने टाकायचा खेळ) रंगतात, हस्तकलेच्या दालनातही ये-जा असते. फुलं तिन्हीकडे तीच, पण गप्पा कधी एकत्र होत नाहीत. मला मनापासून वाटतं की फूल नीट कळायला ही तिन्ही कामं एकाच हाताने करून बघावीत. बाग करणारा झाडाची मुळं आणि पानाची मागची बाजू बघतो, फोटो काढणारा उजेड बघतो, आणि ओवणाऱ्याला देठ कळतो. ज्याने फूल ओवलंय तो ते झाडावरून तोडतोसुद्धा वेगळ्या पद्धतीने.

अबोलीचंच घ्या. वास नाही, आकार लहान, तरी कोकणात आणि गोव्यात तिच्यावाचून सणाचं पान हलत नाही. तिच्या पाकळ्या चहूबाजूंना न पसरता एकाच बाजूला पंख्यासारख्या उघडतात आणि मागे लांब, बारीक नळी असते. त्या नळीमुळेच ती इतकी दाट गुंफता येते. जाड देठ मध्ये येत नाही, पाकळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि गजऱ्याला हिरवं काही दिसतच नाही.

फुलं कणसावर येतात आणि खालून वर उमलत जातात. रोज थोडीच उमलतात. म्हणून कणीस कधी मोडू नये. उमललेलं फूल चिमटीत धरून हलकेच वर ओढलं की नळीसकट निघून येतं आणि वरच्या कळ्या उद्या-परवासाठी राहतात. एकेक कणीस असं कितीतरी दिवस पुरतं. सगळी फुलं झाली की मात्र कणीस खालून कापायचं, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. बी हवं असेल तर चार कणसं तशीच वाळू द्या. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते टचकन फुटतं आणि बी लांब उडतं. मुलांना हातावर बोंड ठेवून थेंब टाकायला द्या, तासभर दुसरं काही लागणार नाही.

फोटो काढताना अबोली त्रास देते. केशरी आणि लाल रंग मोबाइलच्या कॅमेऱ्यात चटकन भरून जातो, पाकळीवरच्या शिरा दिसेनाशा होतात आणि हाती लागतो नुसता केशरी डाग. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की उजेडाची खूण खाली सरकवायची. चित्र थोडं काळपट वाटलं तरी चालेल, शिरा दिसायला हव्यात.

पाऊस चांगला लागलाय. अबोलीच्या फांद्या लावायला हेच दिवस. पेन्सिलीएवढ्या लांबीची, फूल नसलेली फांदी, खालची पानं काढून, पाणी साचणार नाही अशा मातीत आणि अर्ध्या सावलीत लावायची.

तुमच्याकडचं एखादं फूल असंच तिन्ही बाजूंनी सांगा. फोटो असतील तर टाकाच, पण शेजारी चार ओळी लिहा.

परसदार

वा, काय विषय काढलात ताई! आमच्या सावंतवाडीकडे गजरा म्हणत नाहीत, वळेसर. 'आबोलीचो वळेसर' डोक्यात माळल्याशिवाय बायको जत्रेला निघत नाही.

एक भर घालतो. खरा वळेसर सुती दोऱ्यात होत नाही, केळीच्या सोपटात होतो. केळीच्या खोडाची आतली साल काढायची, वाळवायची, आणि लागेल तेव्हा ओली करून तिचे बारीक धागे सोडवायचे. ओला धागा मऊ असतो. अबोलीची नळी नाजूक, सुती दोरा ओढला की कापली जाते. सोपट तिला धरून ठेवतं पण कापत नाही. शिवाय त्याच्या ओलाव्याने वळेसर संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतो. वळेसर वाळला की दोऱ्यासकट झाडाच्या बुडाशी टाका, सगळंच कुजून जातं.

आणि सुरंगीला विसरू नका! फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळ आसोलीला गेलात तर गाव वासाने भरलेलं असतं. सुरंगीची फुलं कोवळ्या शेंड्याला येत नाहीत, जून फांदीच्या लाकडालाच गुच्छांनी लगडतात. सकाळी ऊन चढायच्या आत कळ्या काढाव्या लागतात, कारण एकदा फूल उमललं की मधमाश्या तुटून पडतात आणि वळेसराला हवी तशी कळी मिळत नाही. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. वाळली तरी वास जात नाही. वाळलेल्या कळ्यांना व्यापारी येतात, त्या अत्तराला आणि रंगाला जातात. कुंडीत लावायचं हे झाड नव्हे, मोठा वृक्ष होतो आणि फुलायला वर्षं घेतो. पण जागा असेल त्याने एक तरी लावावं.

गच्चीबाग

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न मोगऱ्याचा. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे. मोगरा हिरवागार, पानं तळहाताएवढी, वेलासारख्या लांब फांद्या सुटल्यात, फूल मात्र उन्हाळ्यातही जेमतेम. खत नियमित घालते. काय कमी पडतंय?

कुंडीतली_माती

@गच्चीबाग, ताई, कमी काही पडत नाहीये, जास्त पडतंय. मोठी पानं आणि लांब फांद्या म्हणजे नत्र भरपूर आणि ऊन कमी. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कुंडी कठड्याच्या जितकी बाहेरच्या बाजूला नेता येईल तितकी न्या.

खरी गोष्ट छाटणीची आहे. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते. थंडीत त्याला विश्रांती द्यायची: डिसेंबरपासून पाणी कमी करत न्यायचं, झाड मरणार नाही एवढंच ठेवायचं. जानेवारीच्या शेवटी सगळ्या फांद्या निम्म्याने छाटायच्या, उरलेली पानंही हाताने काढून टाकायची. वरची दोन-तीन इंच माती उकरून काढायची आणि तिथे शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि थोडं हाडांचं खत घालून पाणी सुरू करायचं. ऊन तापायला लागलं की बुडापासून लालसर फुटवे येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला कळ्यांचा तुरा. पहिला बहर संपला की तुऱ्याखालच्या दोन पानांसकट टोक खुडा, दुसरा बहर येतो.

आत्ता पावसात जोरकस छाटणी नको. लांब सुटलेल्या फांद्या तेवढ्या कापा आणि वाया घालवू नका, त्याच मातीत खोचा. या दिवसात मोगरा सहज मुळं धरतो.

तुमचा बटमोगरा असेल तर थोडा धीर धरावा लागेल. त्याची फुलं गच्च, गोल, पण संख्येने कमी. गजऱ्यासाठी लावत असाल तर साधा मोगरा किंवा मदनबाण घ्या. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार असते, गुंफायला फार सोयीची.

गच्चीबाग

खूप आभार! छाटताना हात थरथरणार, पण जानेवारीत करतेच.

अजून एक, शेवंतीचं. दोन कुंड्या एकाच रोपाच्या, एकाच मातीत. एक गॅलरीत आणि एक मागच्या खिडकीत. मागची दिवाळीच्या सुमारास फुलून जाते, गॅलरीतली नुसतीच वाढते. ऊन तर गॅलरीत जास्त आहे!

कुंडीतली_माती

गॅलरीत रात्री दिवा असतो का? किंवा समोर रस्त्यावरचा खांब?

गच्चीबाग

खांब अगदी समोर. रात्रभर पिवळा उजेड असतो.

कुंडीतली_माती

मग सापडलं! शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळी धरायची खूण मिळते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिच्या लेखी ती मोठी रात्र उरत नाही आणि ती पानंच काढत राहते. फुलांची शेती करणारे हीच गोष्ट उलटी वापरतात, शेडमध्ये रात्री दिवे लावून फूल लांबवतात आणि हवं तेव्हा काळं कापड ओढून अंधार करून फुलवतात.

तुम्ही सप्टेंबरपासून ती कुंडीही मागे हलवा. आणि आत्ता, जुलैत, शेंडे खुडा. चार-पाच पानांवर शेंडा खुडला की खालून तीन-चार फांद्या फुटतात, त्याही वाढल्या की परत एकदा खुडा. ऑगस्ट संपला की कात्री ठेवून द्या, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील. दिवाळीत घमेल्याएवढा गोल होतो बघा.

दवबिंदू

शेवंती रात्र मोजते हे वाचून थक्क झाले. आमच्या सोसायटीच्या गेटजवळची शेवंती कधीच का फुलत नाही याचं उत्तर आज मिळालं. उद्याच माळीदादांना सांगते.

टिपणारा

माझी हजेरी कॅमेऱ्याच्या बाजूने.

लोक विचारतात कुठली लेन्स घेऊ. मी म्हणतो, आधी वेळ बदला. दुपारच्या उन्हात कुठल्याही लेन्सने काढलेला फुलाचा फोटो कडक येतो, एका बाजूला पांढरा आणि दुसरीकडे काळा. सूर्य वर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचा तास, किंवा ढगाळ दिवस. पावसाळ्यातलं आभाळ म्हणजे फुकट मिळालेला भलामोठा मऊ दिवा आहे, त्याचा फायदा घ्या.

घरच्या कुंडीसाठी माझं सामान सांगतो. जुन्या छत्रीचं काळं कापड, टीव्हीच्या खोक्यातून आलेला थर्माकोलचा तुकडा आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. मोगऱ्यामागे हातभर अंतरावर काळं कापड धरायचं. उजेड एका बाजूने येऊ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा करायचा, म्हणजे सावलीतली पाकळीही उजळते. कॅमेऱ्याला समोर बराच काळा भाग दिसला की तो सगळंच उजळ करायला जातो आणि पांढरं फूल जळून जातं, म्हणून उजेड हाताने कमी करायचा. पांढऱ्या पाकळीवर पांढऱ्याच्या चार छटा दिसल्या तर फोटो जमला. वाऱ्याने फांदी हलत असेल तर चिमट्याने काठीला धरून ठेवा, फूल तोडू नका.

फार जवळून काढताना आणखी एक अडचण येते. जितकं जवळ जाल तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ होतो, अगदी काही मिलिमीटरचा. जास्वंदीच्या दांड्याचं टोक स्पष्ट आलं तर मागच्या पाकळ्या पुसट. मोठा कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ किंवा ११ ठेवा आणि फुलाच्या बाजूने उभे राहा, म्हणजे दांडा स्क्रीनला समांतर येतो. मोबाइल असेल तर थोडं मागे सरका आणि नंतर कापून घ्या.

पाकळ्या पातळ असतील तर उजेड फुलाच्या मागून घ्या. गोकर्णीची निळी पाकळी उजेडासमोर धरलेली बघितलीत का? आतल्या शिरांचं जाळं आणि मधला पिवळसर पांढरा डाग असा काही उजळतो की कुठला फिल्टर लागत नाही.

दवबिंदू

@टिपणारा, फुलावर फवाऱ्याने थेंब पाडून फोटो काढतात ते तुम्हाला पटतं का? मला ते खोटं वाटतं.

टिपणारा

घरच्या कुंडीतल्या गुलाबावर मारलं पाणी तर माझी हरकत नाही, झाडाला त्याने काही होत नाही. रानातल्या फुलावर मात्र मी काहीही करत नाही. पाणी नाही, शेजारचं गवत उपटणं नाही, फांदी वळवणं नाही. रानफुलाच्या फोटोची किंमत ते जिथे आणि जसं होतं त्यातच आहे.

परसदार

हे अगदी खरं. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात लोक येतात आणि फोटोसाठी झोपतात. जिथे झोपतात तिथलं पुढच्या वर्षी उगवत नाही.

टिपणारा

कासलाही तेच होत होतं. साताऱ्यापासून तासाभरावर, जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. त्या बोटभर मातीत साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती नोंदल्या गेल्यात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे. आता तिथे आधी नोंदणी करावी लागते आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे, ते चांगलंच झालं.

जाणार असाल तर एक फूल आवर्जून बघा: सीतेची आसवं. जांभळट निळं, नखाएवढं, सड्यावर अख्खी चादर असते. दिसायला इतकं निरागस, पण ते कीटक खाणारं झाड आहे. जमिनीखाली चिखलात त्याला टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या असतात. बारीक जीव जवळून गेला की पिशवीचं तोंड उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि तोंड बंद होतं. जांभ्यात खतपाणी जवळजवळ नाहीच, म्हणून त्याने जेवणाची ही सोय केली. फोटो काढताना हे माहीत असलं की आपोआप पाय जपून पडतो.

आणखी म्हणजे कारवी. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते आणि सगळी एकदम फुलते. जो हंगाम मिळेल तो सोडू नका. वाटेवरून काढा, दोरीच्या आत जाऊ नका.

दोरा_सुई

मला या धाग्यावर यायला उशीर झाला, पण हस्तकलेच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गजरा, कारण तो न शिकता आपण विकत घेतो याचं मला वाईट वाटतं. सुई नको. दोरा पाण्यात भिजवून घ्या, टोक पायाच्या अंगठ्याला अडकवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दोन कळ्या डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, चौघींचे देठ मध्ये एकमेकांवर. दोरा देठांवरून एक वेढा घ्या, मग बोटावर फास तयार करून तो देठांवरून घाला आणि खाली ओढा. फास आधीच्या गाठीला भिडला पाहिजे, मध्ये फट राहिली तर गजरा विरळ होतो. किती जोरात ओढायचं ते बोटांनाच कळतं: देठ दबला पाहिजे, तुटता कामा नये. पुढच्या चार कळ्या अशा ठेवायच्या की त्यांची डोकी आधीच्या देठांना झाकतील. वीतभर झाल्यावर हात आपोआप चालायला लागतात.

कळ्या दुपारी उशिरा काढा, फुगलेल्या पण मिटलेल्या. दादरच्या फूल बाजारातही मोगरा कळीच विकतात, फूल नाही. गजरा ओला फडका गुंडाळून ठेवला की संध्याकाळी केसात उमलतो.

आता टिकवण्याबद्दल. पुस्तकात फूल दाबणं सगळ्यांना ठाऊक आहे, पण पावसाळ्यात ते काळं पडतं किंवा बुरशी धरते. कारण एकच, पाणी लवकर बाहेर पडत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत कागद रोज बदलायचा. छापील वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उमटते. मध्ये साधा टिपकागद घाला. फूल सकाळचं दव सुकल्यावर काढलेलं, कोरडं हवं. पातळ फुलं निवडा: एकेरी गोकर्ण, कॉसमॉस, तेरड्याची सुटी पाकळी, नेच्याची पानं. गुलाब किंवा झेंडू अख्खा दाबायला जाऊ नका, पाकळ्या सुट्या करा.

आकार तसाच ठेवायचा असेल तर सिलिका जेल. हवाबंद डब्यात तळाला थर, त्यावर फूल, मग चमच्याने पाकळ्यांच्या मधे मधे दाणे सोडत झाकून टाकायचं. साधारण आठवड्यात गुलाब वाळतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं, ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवले की परत निळे होतात. हे दाणे आणि ते तापवायचं भांडं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नका. कोंबड्याचा तुरा आणि गोम्फ्रेना यांना यातलं काहीच लागत नाही, जुडी बांधून अंधाऱ्या कोरड्या खोलीत उलटी टांगा. रंग जातो तो उजेडाने, म्हणून अंधार.

रेझिनमध्ये फूल घालणाऱ्यांना एवढंच सांगेन, पूर्ण वाळलेलंच घाला. थोडी ओल राहिली तरी आत तपकिरी डाग येतो आणि तो काढता येत नाही. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलं जवळ नकोत.

न्यूजर्सीकर

धागा वाचून घरची आठवण आली. माझा मोगरा मोठ्या कुंडीत आहे, मे ते सप्टेंबर बाहेर अंगणात. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की आत घेते, दक्षिणेच्या खिडकीत. आत हीटरने हवा कोरडी होते आणि पानामागे लाल कोळी (बारीक कीड) होतो, म्हणून आत घेण्याआधी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारते आणि कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारते. कुंडीतली विश्रांतीची पद्धत @कुंडीतली_माती यांनी सांगितली तीच, इथे हिवाळाच ती देतो.

गुढीपाडव्याला मात्र इथे मोगऱ्याला कळी नसते. म्हणून मंडळात आम्ही क्रेप कागदाचे गजरे करतो. @दोरा_सुई ताई, तुमची काही युक्ती असेल तर सांगा. आमच्या कळ्या चपट्या दिसतात.

दोरा_सुई

क्रेपला उभ्या सुरकुत्या असतात, ताण आडवा बसतो. पट्टी कापताना सुरकुत्या कळीच्या उभ्या दिशेने हव्यात. बोटाच्या पेराएवढा चौकोन घ्या, मधोमध दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून वाटी करा. त्या वाटीत कापसाचा ज्वारीएवढा गोळा ठेवून गुंडाळा आणि खाली पीळ द्या. फुगीर कळी होते. पिळाच्या जागी फिकट हिरव्या क्रेपची बारीक पट्टी गोंदाने लावा. शुभ्र पांढरा कागद घेऊ नका, साईच्या रंगाचा घ्या, मोगऱ्याची कळी शुभ्र नसतेच. आणि गुंफताना मघाशी सांगितलेलाच फास घाला, पुठ्ठ्यावर चिकटवू नका.

स्टॉकिंगची फुलं कोणी केलीत का? एके काळी घरोघरी तारेची पाकळी वळून त्यावर रंगीत स्टॉकिंग ताणून बांधलेल्या फुलांची फुलदाणी असायची. जास्वंद आणि लिली त्यात अजूनही सगळ्यात चांगली जमतात, कारण पाकळी पातळ आणि उजेड आरपार जाणारी दिसते.

न्यूजर्सीकर

साईचा रंग! हे कधी डोक्यातच आलं नाही. मनापासून धन्यवाद.

म्हार्दोळकार

गोव्यातून नमस्कार. तुम्ही अबोलीबद्दल लिहिलंत, मी जाईबद्दल लिहितो. आमच्या म्हार्दोळच्या म्हाळसा देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते. देऊळ जाईच्या फुलांनी सजवतात. जाईची कळी संध्याकाळी काढतात, पाकळीची मागची बाजू गुलाबट असते, आणि गुंफलेली फांती (माळ) रात्री उमलते तेव्हा गुलाबट कळ्यांचं सगळं पांढरं होतं. हाही सगळा केळीच्या धाग्याचा व्यवहार, @परसदार म्हणतात तसाच.

फोटो काढणाऱ्यांना सांगतो, कळ्या मिटलेल्या असताना एक काढा आणि रात्री त्याच जागी उभे राहून दुसरा.

गच्चीबाग

गणपतीनंतर झेंडूचं खूप निर्माल्य निघतं. खत करतोच. रंग होतो म्हणतात, तो पक्का असतो का?

दोरा_सुई

झेंडूचा बराच टिकतो, पण कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं हवं, नाहीतर धुतला की गेला. सुती कापड स्वच्छ धुऊन तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर. पाकळ्या देठातून सुट्या करून अर्धा-पाऊण तास उकळा, गाळा, त्यात कापड घालून मंद आचेवर ठेवा. हळदीपेक्षा खोल, सोनेरी पिवळा येतो. त्याच पाण्यात गंजलेला खिळा टाकला तर रंग शेवाळी होतो, दोन्ही करून बघा. भांडं वेगळं ठेवा. निर्माल्यातून आधी दोरे, जर आणि प्लॅस्टिक काढून टाका, खतासाठीही आणि रंगासाठीही.

पारिजातकाच्या देठांचाही रंग निघतो, सुंदर केशरी-पिवळा. पण तो पक्का नाही, उन्हात उडतो. रुमालाला किंवा देवाच्या वस्त्राला करा, रोजच्या कपड्याला नको.

ओवळ

बकुळीवर कोणीच कसं बोललं नाही? आमच्याकडे तिला ओवळ म्हणतात, त्यावरूनच हे नाव घेतलंय. बकुळीला ना कात्री लागते ना सुई. फूल पहाटे अख्खं गळतं आणि त्याच्या मधोमध भोक असतं. गवताची ताठ काडी किंवा केळीचा धागा सरळ आत जातो. वाळून तपकिरी झालं तरी वास राहतो, साड्यांच्या घडीत वर्षानुवर्षं. ओवल्यावर सावलीत वाळवा, फार आवळून ओवू नका, वाळल्यावर आक्रसतं ते ठीक पण मध्ये हवा लागायला हवी.

दवबिंदू

@ओवळ, शहरात बकुळ कुठे मिळेल?

ओवळ

जुन्या रस्त्यांच्या कडेला आणि बागांमधून बघा, सदाहरित सावलीचं झाड म्हणून पुष्कळ ठिकाणी लावलेलं असतं. पानांच्या कडा लहरी, झाड गच्च गोल. फुलं पानांत लपतात, म्हणून वर नका बघू, पहाटे झाडाखाली बघा. झाडूवाला येण्याआधी पोहोचायला हवं. चादर अंथरून वेचलीत तर माती लागत नाही. फोटोही तिथेच काढा, फूल उताणं ठेवून, वरून नाही तर जमिनीच्या पातळीवरून, म्हणजे पाकळ्यांच्या दोन ओळी वेगळ्या दिसतात.

अंगणवेल

किती भरून आलाय धागा! सगळ्यांचे आभार.

श्रावणापासून दर आठवड्याला एक फूल घेऊन झब्बू खेळूया का? ज्याच्याकडे झाड असेल त्याने लागवड सांगायची, फोटोवाल्यांनी प्रचि (प्रकाशचित्र) टाकायचं आणि हाताने काही करता येत असेल ते दोरा_सुई ताईंनी सुरू करायचं. पहिलं फूल तेरडा ठेवूया, गौरीपर्यंत मुबलक मिळेल. त्याच्या पाकळ्या वाटून मुली नखं रंगवतात, ती कृतीही कोणीतरी फोटोसकट टाका. दुसरं सोनटक्का.

परसदार

सोनटक्क्याला माझं नाव लिहा. विहिरीकडेला मोठं बेट आहे, संध्याकाळी उमलायला लागला की वास रस्त्यापर्यंत येतो. त्याला ओल लागते, कुंडीत लावणाऱ्यांनी कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली तरी चालेल, सकाळचं ऊन पुरे. बहर संपून पाला पिवळा पडला की मी बेट उकरून कंद विभागणार आहे. प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे हवेत, नाहीतर नुसता कुजतो. कुडाळ, सावंतवाडी, बांदा इथे कोणाला हवे असतील तर आत्ताच सांगून ठेवा.

गच्चीबाग

डोंबिवलीला कंद पाठवता येतील का? टपालखर्च मी देते.

परसदार

येतील की. ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पाठवतो, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम धरून सडतात. मिळाल्यावर लगेच लावा आणि मातीच्या फार खाली पुरू नका, कंद जेमतेम झाकला पाहिजे. पत्ता इथे लिहू नका, निरोपातून कळवा.

दवबिंदू

मलाही दोन तुकडे. आणि तेरड्याच्या झब्बूसाठी मी तयार, आमच्या मागच्या कुंपणापाशी गुलाबी आणि पांढरा दोन्ही उगवलेत.